कारकुनानं उतरवलेला ताप

खानापुरात माझं औषधाचं दुकान होतं. तीसेक वर्षं काउंटरवर उभं राहून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्यामुळं घरच्यांचा समज असा की कुठलंही वाईट अक्षर मला लागतं. थोरल्या काकांनी आजोबांच्या मिल्ट्रीच्या कागदांची पिशवी माझ्याकडं दिली ती याच भरवशावर. "आजारपणाच्या नोंदी तेवढ्या वाचून दे. बापूंच्या पायात गोळी कधी लागली ते त्यात असणार की," एवढंच त्यांचं मागणं.

गोळीकडं नंतर येतो. आधी पिशवीत काय होतं ते सांगतो, कारण आमच्या भागात घराआड एक तरी असा गठ्ठा ट्रंकेत पडून आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात. खानापूर, चंदगड, निपाणीकडची पोरं भाकरी बांधून कॅम्पात यायची आणि भरती होऊनच घरी कळवायची. आजोबा १९४० साली भरती झाले, जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या बटालियनीत गेले, इराक बघितलं, इटली बघितली, आणि १९५७ साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले. पिशवीत त्यांचं डिस्चार्जचं बुक होतं, हॉस्पिटलच्या काही मूळ चिठ्ठ्या होत्या, एक केस-शीट होतं, दुखापतीचा एक अहवाल होता, आणि वारस म्हणून अर्ज करून काकांनी मिळवलेली शीट रोलची, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्राची, झेरॉक्स होती. आजोबा पेन्शनर, म्हणून ही शीट रोल हाती लागली. पेन्शनशिवाय सुटलेल्या जवानांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. मागं राहतो तो लाँग रोल, म्हणजे जवानाच्या थोडक्या नोंदीची कायमची वही, आणि त्यात तापा-खोकल्याला जागा नसते. महायुद्ध संपल्यावर जे हजारोंनी घरी पाठवले गेले, त्यांच्या नातवंडांनी आता रेकॉर्ड ऑफिसात विचारलं तर बहुधा तेवढंच मिळेल. तेव्हा ट्रंकेतलं काही टाकू नका.

दुकानातली सवय मला इथं उपयोगी पडली नाही. चिठ्ठीवरचं अक्षर कितीही गिचमिड असलं तरी ते डॉक्टरचं असतं. हात वाईट, पण लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते माहीत असतं. शीट रोलवर उलटा प्रकार. हॉस्पिटलात डॉक्टर चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहिणार, चिठ्ठी पलटणीत येणार, तिथला कारकून ती पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदींच्या हुकुमात, घालणार, आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसातला दुसरा कारकून शीट रोलवर उतरवणार. शेवटच्या कारकुनाचं अक्षर गोल, सुवाच्य, बघत राहावं असं. फक्त तो शब्द त्याला ठाऊक नाही. म्हणजे जे स्वच्छ वाचता येतं तेच चुकीचं असू शकतं.

पहिल्याच पानावर याचा मासला होता. जून १९४२, ठिकाण बसरा, आणि रोगाच्या रकान्यात सुरेख इंग्रजी अक्षरात 'सँडी फीवर'. एकही अक्षर संशयाचं नाही. पण असा रोगच नाही. इराकातल्या उन्हाळ्यात पलटणींना छळणारा ताप म्हणजे सँडफ्लाय फीवर. चिलटाहून बारीक माशी चावते, तीनेक दिवस ताप फणफणतो, अंग मोडून येतं, आणि माणूस आठवड्यात पायावर उभा राहतो. दाखल आणि सुटका यांच्या तारखा बघितल्या तर मधे सहा दिवस. मूळ चिठ्ठीवर डॉक्टरनं मधली दोन अक्षरं एका फटकाऱ्यात ओढली असणार आणि कारकुनानं जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. तिथून पुढं मी प्रश्नच बदलला. हे कुठलं अक्षर आहे, असं विचारायचं सोडून दिलं. कारकुनाच्या पुढ्यात काय होतं, ते विचारायला लागलो. आणि त्याचं उत्तर रोगाच्या रकान्यात क्वचितच मिळतं. ठिकाण, महिना, किती दिवस ठेवलं, कुठल्या हॉस्पिटलातून कुठं पाठवलं, सुटल्यावर कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची लष्करी श्रेणी, बदलली का, या बाजूच्या रकान्यांत ते असतं.

अर्थात अक्षर लावायचं काम सुटत नाही. त्याची रीत अशी. ज्याचं अक्षर वाचायचं त्याचीच बाराखडी आधी तयार करायची, आणि ती आपल्याला आधीच माहीत असलेल्या शब्दांवरून. आजोबांचं नाव, पलटणीचं नाव, महिने, 'ॲडमिटेड', 'डिस्चार्ज्ड' हे शब्द प्रत्येक पानावर असतात. पण सगळ्यात कामाला आलं ते 'बेलगाम'. पत्त्यात, हॉस्पिटलच्या नावात, डेपोच्या नावात, जिकडं तिकडं बेलगाम. त्या एका शब्दात इंग्रजी बी, ई, एल, जी, ए, यू, एम अशी सात अक्षरं मिळतात. 'मराठा'तून आर, टी, एच. 'इन्फंट्री'तून आय, एन, एफ, वाय. ही अक्षरं वहीत एकाखाली एक गिरवून घेतली की निम्मा कागद बोलायला लागतो. एन आणि यू सारखेच काढणारा कारकून 'बेलगाम'मधल्या यूवर बारीक आडवी रेघ देतो की नाही, हे बघून ठेवायचं. आमचा द्यायचा. त्यामुळं 'पी.यू.ओ.' कुठं आहे ते लगेच कळलं. म्हणजे ताप आहे पण कशाचा ते लागलं नाही. त्याचाच चुलतभाऊ 'एन.वाय.डी.', रोगनिदान अजून व्हायचंय. या दोघांवर नजर ठेवावी लागते, कारण हे रोग नव्हेत, थांबे आहेत. पुढच्या ओळीत किंवा समासात, दुसऱ्या शाईत, खरं नाव येतं.

आद्याक्षरांत ठिकाणंही असतात आणि ती रोगांत मिसळतात. 'सी.एम.एफ.' म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, थोडक्यात इटली. 'सी.एम.एच.' म्हणजे कंबाइंड मिलिटरी हॉस्पिटल. 'सी.सी.एस.' म्हणजे आघाडीच्या मागचं कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन. घाईच्या हातात एफ आणि एच यांत फरक उरत नाही, तिथं वर्ष बघायचं. आणि 'एल.टी.' म्हणजे डावा. काकांनी ते लेफ्टनंट असं वाचून आजोबांना दोन दिवस बढती देऊन ठेवली होती.

झेरॉक्सवर मात्र फार विसंबू नये. मूळ चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेल्या. ही पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. झेरॉक्सला तो फिका जांभळा रंग दिसतच नाही. मी चिठ्ठी खिडकीशी धरून, उजेड एका बाजूनं तिरका पडेल अशी ठेवून फोनवर फोटो काढायचो. नंतर नातीनं ॲपमध्ये लाल, हिरवा, निळा असे रंग वेगळे करून दाखवले. जांभळं अक्षर हिरव्यात सगळ्यात गडद उठतं. जिथं रंग पार उडाला होता तिथं कागद पालथा घातला. पेन्सिल दाबून लिहिलेली असते, मागच्या बाजूला वळ उठतात, ते तिरक्या उजेडात उलटे वाचता येतात. या कामाला संध्याकाळचं ऊन बरं, ट्यूबलाइट अगदीच निरुपयोगी.

आता मलेरिया. आजोबांच्या कागदात तो पुन्हा पुन्हा येतो, कधी 'एम.टी.', कधी 'बी.टी.'. त्या काळी मॅलिग्नंट टर्शियन आणि बिनाइन टर्शियन असे दोन भाग करायचे. आजच्या रिपोर्टवर फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स येतं तेच. इंग्रजी बी आणि एम यांत घोळ व्हायचं कारण नाही असं वाटेल, पण कारकुनाचा बी खालून उघडा आणि एमचा पहिला पाय आखूड, त्यामुळं होतो. इथं पुन्हा बाजूचे रकाने. १९४५ च्या पावसाळ्यानंतर, १९४६ मध्ये, मग १९४७ मध्ये एकेकदा दाखल, सगळं बेळगावात, दर वेळी थोडे दिवस. एका ओळीला 'रिलॅप्स' असा शेरा. औषधवाल्याला एवढं पुरे. फाल्सिपेरम बरा झाला की असा परत परत डोकं वर काढत नाही. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उठतो. तेव्हा त्या सगळ्या ओळी बी.टी.

याच सुमाराच्या एका चिठ्ठीवर कोपऱ्यात दोन तुटके शब्द होते, 'मेप. सप.'. मेपॅक्रिन, सप्रेसिव्ह. मलेरिया दाबून ठेवायला युद्धात सैनिकांना रोज द्यायची गोळी. ती शरीरात साठते आणि कातडीला रंग चढवते. हे वाचलं आणि शहापूरच्या आत्तीला फोन लावला. आत्ती सगळ्यात थोरली, आजोबा इटलीहून रजेवर आले तेव्हा पाच-सहा वर्षांची. ती म्हणाली, "हळद लावल्यागत पिवळे होऊन आले होते रे. आई म्हणाली कावीळ झालीया, आणि कुणाकुणाचा पाला आणून दिला. मग पिवळेपणा गेला आणि थंडी-ताप भरला." आत्तीला तो तापही त्या पाल्यानंच आणला असं आजवर वाटत होतं. कावीळ नव्हतीच, रंग गोळीचा होता. रजेवर आल्यावर गोळी सुटली, अंगातलं औषध ओसरलं, रंग उतरला, आणि औषधानं दाबून धरलेला मलेरिया वर आला. शीट रोलवरची पुढची ओळ तीच, दाखल, मिलिटरी हॉस्पिटल, बेळगाव. कागद आणि आत्ती एकमेकांना असे जुळले की मी फोन ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

मापांबद्दल थोडं, कारण आपल्याला इथं खास अडचण आहे. केस-शीटवर औषधं जुन्या मापात असतात. ड्रॅमची खूण हुबेहूब आपल्या तीनच्या आकड्यासारखी, आणि औंसाची खूण म्हणजे तोच तीन, वर एक जादा फटकारा. मराठी शाळेत शिकलेला माणूस तिथं '३' वाचणारच. त्यापुढं रोमन एक असला की काकांचा नातू 'तीन वेळा एक' वाचून मोकळा झाला होता. तो फटकारा भिंगातून दिसला, म्हणजे मिक्श्चर एक औंस, साधारण २८ मिली. तसंच 'जी.आर.' म्हणजे ग्रॅम नव्हे, ग्रेन. एक ग्रेन जवळपास ६५ मिलिग्रॅम. क्विनीन दहा ग्रेन म्हणजे ६५० मिलिग्रॅम, ठीक डोस. ते दहा ग्रॅम असं वाचलं तर पेशंट त्याच रात्री गेला असता, आणि आजोबा पुढं पन्नास वर्षं जगले. आम्ही फार्मसीला असताना जुन्या मापांचा तक्ता पाठ करून घ्यायचे सर होते. त्यांना तेव्हा मनातल्या मनात बरंच बोललो होतो.

आता लढाईची नोंद. एकच आहे. एप्रिल १९४५, सी.एम.एफ., 'जी.एस.डब्ल्यू.', मग एक छोटा शब्द, मग कंसात 'स्लाइट'. जी.एस.डब्ल्यू. म्हणजे गनशॉट वूंड, पण तेवढ्यावरून गोळीच लागली असं धरू नये, तोफगोळ्याच्या कपचीलाही सर्रास तेच लिहायचे. तारीख बघून अंगावर काटा आला हे खरं. ९ एप्रिल १९४५ ला याच पलटणीनं सेनिओ नदी ओलांडली, आणि त्याच लढाईत शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्याकडं पलटणीतनं आलेल्या कुणालाही विचारा, ही तारीख तोंडपाठ असते.

पण तो छोटा शब्द. पहिलं अक्षर एच, शेवटचं डी, मधे दोन-तीन वेलांट्या. 'हँड' की 'हेड'? हात की डोकं? त्यामागं 'एल.टी.' असतं तर प्रश्न मिटला असता, पण नेमका तिथं टाचणीचा गंज उतरलेला. या कारकुनाचा ए वर उघडा, म्हणजे यूसारखा. आणि ईए जोडून लिहिला की तोही तसाच. मधल्या उभ्या रेघा मोजल्या तर 'हँड'कडं कल जात होता, पण रेघा मोजून मी कधी पैज लावणार नाही. दिवस बघितले. कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, तिथून जनरल हॉस्पिटल, आणि काही आठवड्यांत परत पलटणीत, कॅटेगरीला धक्का नाही. डोक्याला जखम असती तर असं सहज भागलं असतं का? टाळूवरून कपची घासून गेली असती तर भागलंही असतं. तेव्हा यानंही पक्कं होत नाही.

उत्तर डिस्चार्जच्या बुकात होतं, आणि आजाराच्या पानावर नव्हे. ओळखीच्या खुणांचा रकाना. भरतीच्या वेळच्या खुणा शीट रोलवर आहेत, मानेवर तीळ आणि उजव्या गुडघ्याखाली जुना व्रण. सुटतानाच्या खुणा बुकात आहेत, आणि तिथं तिळाच्या जोडीला 'स्कार, डॉर्सम, लेफ्ट हँड' असं, छापल्यासारखं. डाव्या हाताच्या पाठीवर व्रण, जो १९४० साली नव्हता. असे कागद ज्यांच्याकडं आहेत त्यांनी हे दोन रकाने शेजारी ठेवून बघावेत. नोकरीत अंगावर काय काय उमटलं ते तिथं निघतं, आणि हा रकाना बघायचा कुणाच्या डोक्यात येत नाही.

राहिली काकांची गोळी. पायाच्या नोंदी दोन. एक १९४२ ची, इराकातली, 'आय.सी.टी., एल.टी. फूट'. काकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हीच काय?" ही नव्हे. आय.सी.टी. म्हणजे कनेक्टिव्ह टिश्यूचा दाह, सोप्या भाषेत बुटानं सोललं, त्यात पू झाला, पाय सुजला. आज पाच दिवसांच्या कॅप्सूलचं काम. तेव्हा पेनिसिलिन शिपायापर्यंत आलं नव्हतं, सल्फाच्या गोळ्या, आणि माणूस आठवडेच्या आठवडे खाटेवर. समासात 'एम अँड बी ६९३' आहे, ती सल्फापायरिडीनची गोळी. दुसरी नोंद १९५४ ची, 'आय.डी.के., आर.टी.', उजव्या गुडघ्याच्या आतली इजा. तिच्याबरोबर दुखापतीचा अहवाल जोडलेला, आणि तो टाइप केलेला असल्यामुळं अक्षराची सबबही नाही: पलटणीच्या व्हॉलीबॉल सामन्यात उडी मारून उतरताना गुडघा मुरगळला. कमांडिंग ऑफिसरचा शेरा, ड्युटीवर असताना. त्यानंतर कॅटेगरी 'बी', आणि ती एका अक्षरात न लिहिता इंग्रजीत 'बी-ई-ई' अशी पूर्ण लिहिलेली. ए, बी, सी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून 'ए-वाय-ई', 'बी-ई-ई', 'सी-ई-ई' असं लिहायची पद्धत होती. ज्यानं कुणी ती काढली त्याला माझा नमस्कार.

आजोबा लंगडायचे ते उजव्या पायानं. हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं.

काका बराच वेळ अहवाल धरून बसले. मग म्हणाले, "खेळताना पडले म्हणून लिहू नकोस. ड्युटीवर इजा झाली म्हणून लिहालास तर काय खोटं हाय?" खोटं नव्हतं. पलटणीनं ठरवून दिलेला खेळ ड्युटीतच धरतात, अपंगत्वाच्या पेन्शनलाही तसाच धरतात. पण मी दोन्ही लिहिलं. हातावर जखम झेलली ते ज्यांनी कधी घरात सांगितलं नाही, त्यांनी गुडघ्याची गोळी कुठून आणली हे मात्र कळलं नाही. काकांचं म्हणणं, बापूंनी नव्हे, गावानं आणली.

ही गोष्ट गावात फिरली आणि आणखी कागद यायला लागले. त्यातला एक सांगतो, नाव-गाव न घेता. साठच्या दशकात हॉस्पिटलातून परस्पर घरी पाठवलेल्या जवानाचा मुलगा कागद घेऊन आला. नोंद तीन अक्षरांची, पहिली दोन स्वच्छ, व्ही आणि डी. तिसरं एच की जी? एच असेल तर हृदयाची झडप बिघडलेली. जी असेल तर गुप्तरोग, परमा. ओसरीवर चार माणसं बसलेली, त्यातला एक वाकून बघत होता. मी कागद मिटला आणि पोराला म्हटलं, उद्या एकटा ये. अशा वेळी अक्षर मोठ्यानं वाचायचं नसतं. दुसऱ्या दिवशी बाजूचे रकाने बघितले. कॅटेगरी थेट 'सी-ई-ई', मग मेडिकल बोर्ड, आणि बोर्डाच्या कागदावर 'मायट्रल' हा शब्द पुरता वाचता येण्यासारखा. झडपच होती. भरतीच्या तपासणीत हृदयाबद्दल काही शेरा नव्हता, तेही त्याला दाखवलं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत निघाला आणि त्यापायी जवानाला घरी पाठवलं, तर तो नोकरीमुळं झाला असंच आधी धरायचं, असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग यांच्या खटल्यातला निकाल आहे. पुढचं काम वकिलाचं. कर्नाटकाची प्रकरणं बघणारं सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ कोचीला आहे, तिथं जाणाऱ्या वकिलाकडं त्याला पाठवलं. तिसरं अक्षर जी निघालं असतं तर तेही सांगितलं असतं, त्याला एकट्याला.

आजोबांच्या नोंदींचा मी तक्ता केला. पहिल्या रकान्यात कागदावर जसं दिसतं तसं, चुकीसकट. दुसऱ्यात मी काय वाचतो ते. तिसऱ्यात कशावरून. तिसरा रकाना काकांना बिनकामाचा वाटला, पण उद्या कुणी माझ्यापेक्षा बरं वाचणारा आला तर त्याला वाद घालायला जागा पाहिजे.

एक ओळ अजून अडली आहे. जानेवारी १९४९, बेळगाव, नऊ दिवस. चिठ्ठीवर पाणी पडून पेन्सिल जांभळी पसरलेली. सुरुवात 'सी-एच' आहे, मग टिंब असल्यासारखं, शेवट 'आयटिस', मधलं गेलं. सी-एच आणि टिंब म्हणजे 'क्रॉनिक' हे जवळपास नक्की. पुतण्या डॉक्टर आहे, तो म्हणतो ब्रॉन्कायटिस, जानेवारीत दुसरं काय असणार. असेलही. पण डागाची लांबी त्या शब्दाला कमी पडते, आणि मागून बघितलं तर डागाच्या मध्यावर खाली उतरणाऱ्या दोन शेपट्या दिसतात, ज्या ब्रॉन्कायटिसमध्ये कुठंच येत नाहीत. दुसऱ्या रकान्यात तिथं प्रश्नचिन्ह ठेवलंय. पुतण्यानं आपलं ब्रॉन्कायटिस शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, ते मी खोडलेलं नाही.